बिनमातीचा पालक

लहानपणी आमच्या नाल्याच्या डोहात मासा उडाला की ‘चुबुक’ असा आवाज यायचा. बऱ्याच वर्षांनी तो आवाज ऐकला सुनेच्या मोबाईलमध्ये. कोणीतरी ड्रममध्ये मासे पाळून वर भाजी लावली होती. मीही लावली, आणि भाजीपेक्षा किस्सेच जास्त पिकायला लागले. आमच्या केनवड गावात कोणी रिकामा दिसला की तो आमच्या अंगणात येऊन बसतो आणि एखादा किस्सा करून जातो.

ड्रम वाशीमच्या भंगारवाल्याकडचा.

“यात आधी काय होतं?” मी विचारलं.

“काका, रिकामाच होता.”

“रिकामा व्हायच्या आधी?”

“तवा भरेल होता.”

चार दिवस धुतला. शेवटी लोणच्याचा वास आला, तेव्हा जिवाला बरं वाटलं. फवारणीचं औषध असतं तर मासे एक दिवस टिकले नसते.

खाली ड्रमात चिलापी माशांची पिल्लं सोडली. वर रंगाचे जुने डबे, त्यात नुसती गिट्टी आणि पालक. लहानशी मोटर माशांचं घाण पाणी वर चढवते, मुळं घाण खातात, साफ पाणी खाली पडतं. माझा मित्र नामदेव रोज दुपारी येऊन अंगणातल्या खाटेवर बसतो. जन्म शेतीत गेला त्याचा. त्यानं डब्यात बोट खुपसून पाहिलं.

“माती कुठी हाये?”

“नाही लागत.”

“आमी साठ वर्स ढेकळं फोडले, अन् तू आता सांगून राह्यला?”

बायकोचा, शेवंताचा, आक्षेप वेगळा होता. “मासे ज्या पाण्यात हागून राह्यले, त्या पाण्याचा पालक मी खाणार नाई.”

मी म्हटलं, “वावरात शेणखत टाकतो, ते काय गुलाबपाणी हाये?”

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिनं पालकाची भाजी वाढली आणि म्हणाली, “कवळा हाये. पण तुमी बरोबर हायत असं नाई.”

कारंजाचे आमचे व्याही खाण्याचे शौकीन. आले की आधी ड्रमात डोकावतात. “झाले का मोठे?”

ज्यांना रोज हातानं दाणा घातला, त्यांच्यासाठी कढई कशी चढवायची? मी म्हणतो, “अजून पोरवयाचे हायत.”

एकदा ते म्हणाले, “इवाई, मांगच्या साली बी पोरवयाचेच होते. लग्न लावून देता का आता त्यायचं?”

मग एका सकाळी सगळे अकरा मासे पोट वर करून तरंगताना दिसले. दुपारी नामदेव आला. ड्रमात पाहिलं आणि मटकन खाटेवर बसला.

“मीच टाकला परवा,” तो म्हणाला. “मूठभर युरिया. पालक पिवळा पडला होता. उपाशी दिसला मले. राहवलं नाई.”

मी कधी कोणाला टाकून बोलत नाही. त्या दिवशी बोललो. “तुह्या वावरात टाक तुहा युरिया. इथं येऊ नको.”

तो आला नाही. आठ दिवस खाट रिकामी. ड्रम धुऊन नवं पाणी भरलं. माशांचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, खाटेकडं मात्र बघवेना. माफी मागायला दोनदा निघालो आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आलो. मासे मिळतील, पण हा माणूस कुठून आणू?

नवव्या दिवशी फाटक वाजलं. नामदेवच्या हातात पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पाच चिलापी. पिशवी त्यानं लगेच ओतली नाही. बांधलेलीच ड्रमात तरंगत ठेवली, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढं गार होईपर्यंत. मग खाटेवर बसला. मी शेजारी बसलो. शेवंतानं न विचारता दोन कप चहा आणून ठेवला. आम्ही चहा पीत पिशवीकडं बघत राहिलो.

मग त्यानं गाठ सोडली, हाताची ओंजळ करून एकेक मासा पाण्यात सोडला, पिशवी घडी करून खिशात घातली. पालकाचं एक पान अजून पिवळं होतं. त्या पानाकडं त्यानं जरा वेळ पाहिलं, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि फाटकातून निघून गेला.