तीनच्या भोंग्याला घाट

काका कानात सांगायचे ते चाळभर ऐकू जायचं.

"कोणाला बोलू नको हां," म्हणत ते माझा खांदा धरून जवळ ओढायचे आणि मग तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळेल अशा आवाजात गुपित फोडायचे. तुम्ही गिरणीच्या साचेखात्यातला माणूस जवळून पाहिला असेल तर तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. शेकडो माग एकदम धडधडतात तिथे बावीस वर्षं काढली की माणूस हळू बोलणं विसरूनच जातो. खात्यात तर ते हातांनीच बोलायचे. दोन बोटं ओठांशी म्हणजे चहा. मनगटावर टिचकी म्हणजे किती वाजले. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेब आला, गप काम कर.

मी त्याच खात्यात बदली कामगार. कोणी रजेवर असलं तर काम, नाहीतर गेटवरून परत. परभणीकडून आलेला, शाळा सातवीतच सुटलेली, मुंबईत ओळखीचं कोणी नाही. काळाचौकीतल्या आपल्या खोलीसमोर गॅलरीत पथारी टाकायला जागा काकांनी दिली, आणि काकींनी आपल्या खाणावळीत ताट. एवढं असूनही रोज सकाळी डोळा उघडला की पहिला विचार, आज ही जागा गेली तर? काका म्हणायचे, "ह्याला जन्मताना टाळी वाजवून उठवला वाटतं, अजून दचकतोय!"

मग संप झाला. वर्ष उलटलं तरी भोंगे गप्पच. खाणावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली. काका मात्र रोज सकाळी आपली काळी सायकल गॅलरीत आडवी घालून पुसत बसायचे. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ते एकटेच तिच्यावर पनवेल, कर्जत, एकदा तर अलिबागपर्यंत जाऊन आले होते. "बरोबर कोणाला का नेत नाही?" मी एकदा विचारलं. "खात्यात काय कमी माणसं होती? सायकलवर तरी कोण नको!"

अशात फोर्टातल्या एका कचेरीत सायकलवरून टपाल पोचवणारा शिपाई पाहिजे असल्याचं कळलं. कुलाब्यापासून परळपर्यंत दिवसभर फिरायचं. काकांची चड्डीतल्या पोरासारखी उडी. काकी मात्र पोळपाटासमोरून उठल्याच नाहीत.

"छातीत भातो वाजता तुमच्या. कापसाचो धुरळो खाऊन खाऊन काय उरलासा आत? आता गावाक चला."

"छाती ठणठणीत आहे! खोपोलीचा घाट चढून दाखवतो. एका दमात. पाय जमिनीला टेकला तर गाव. नाय टेकला तर नोकरी. बोल!"

"आणि टेकलो तर खरा सांगशात?"

"मी खोटं बोललो तरी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल गो!"

पैज लागली. मी पांघरुणात हिशेब करत होतो. काका हरले तर खोली बंद, खाणावळ बंद, गॅलरी बंद. मी कुठे जाणार?

ठरलेल्या दिवशी उजाडता उजाडता काका निघाले. हँडलला पाण्याची बाटली, कॅरियरला भाकरी. ते गल्लीच्या टोकाला वळले तशा काकी माझ्याकडे वळल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याची सायकल त्यांनी आदल्या दिवशीच आणवून ठेवली होती.

"मागसून जा. दिसा नको तेंका. आणि पडले तर उचलून घेवन ये."

मी गल्लीबाहेर सायकल फारशी चालवलेली नव्हती. पण निघालो. शीव गेलं, चेंबूर गेलं, खाडी आली, आणि खाडीवरचा वारा असा समोरून आदळला की मला रडूच आलं. पुढे फर्लांगभर काकांची पांढरी टोपी. ती दिसेनाशी झाली की जीव घाबरा, फार जवळ आली की ब्रेक. पनवेलला ते चहाला थांबले, मी एका ट्रकच्या आड उभा राहिलो. ट्रक निघून गेला आणि मी रस्त्यात उघडा. काका शांतपणे बशीतला चहा फुंकत होते. पाहिलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं.

पनवेलच्या पुढे मात्र मला काय झालं सांगता येत नाही. मांड्या जळत होत्या, घसा वाळला होता, आणि तरी छातीत काहीतरी नाचत होतं. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, समोर डोंगर मोठा मोठा होत चाललेला. मी, सातवी नापास, बदली, गेटवरून परत जाणारा, मी इथवर आलो होतो!

खोपोलीत शिरलो आणि ते झालं.

एका कारखान्याचा तीनचा भोंगा वाजला. आमच्या मिलचा वाजायचा तस्साच. लांब आणि जाड. वर्षभरात आम्ही भोंगा ऐकला नव्हता. काका कायम तीनच्या, दुसऱ्या पाळीचे, आणि कायम शेवटच्या क्षणी गेटात शिरणारे. भोंगा कानावर पडला आणि त्यांच्या पायांनी त्यांना विचारलंच नाही. ते सीटवरून उठले आणि गेट बंद व्हायला आल्यासारखी सायकल हाणली! घाट पुढे होता. दम राखून, हळूहळू घ्यायचा चढ. काका त्याच्यावर धावून गेले.

"काका! काका, हळू!" मी लपायचं विसरून ओरडलो.

दुसऱ्या वळणावर ते सापडले. सायकल कठड्याला टेकवलेली आणि काका दगडावर बसलेले. छातीतला भाता मला दहा पावलांवरून ऐकू येत होता. दोन्ही पाय जमिनीवर. मी पाणी दिलं, पाठ चोळली.

"शीवपासून तुझी चेन कुरकुरतेय," शेवटी ते म्हणाले. "तेल दे रे तिला."

"काका, काकींना नाही सांगणार मी. कोणी बघितलं नाही. चढलात म्हणून सांगतो." मी घाईघाईने बोलत होतो. खरं सांगतो, त्यात माझाच स्वार्थ होता.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आपल्या पिशवीतून तेलाची बुधली काढली, माझ्या चेनला तेल सोडलं, पेडल उलटं फिरवून पाहिलं.

"चल, बस."

"मी?"

"मग काय मी? माझी हजेरी लागली. आता तू चढ. पाय टेकायचा नाय. मी येतो मागनं चालत."

मी बसलो. सरळ चढलो तर दहा पेडल, मग सायकल थांबायलाच लागली. मागून साचेखात्याचा आवाज आला, ट्रकच्या इंजिनावरून, दरीवरून: "सरळ नको! आडवी घे! ह्या कडेहून त्या कडेला!" मी आडवी घेतली. "ट्रक येतोय, डावीकडे! आता घे! आता!" एका वळणावर खाली पाहिलं तर काका सायकल ढकलत येत होते आणि एक हात वर करून नुसता गोल गोल फिरवत होते. खात्यातली खूण: माग चालू ठेव! डोळ्यांत घाम गेला होता, बोटं पांढरी पडेस्तोवर हँडल आवळलं होतं, पाय माझे राहिले नव्हते. एकदा पुढचं चाक लटपटलं, बूट जमिनीला घासेल असं वाटलं. घाटभर तो आवाज घुमला: "दचकू नको रे!"

खंडाळ्याच्या पहिल्या घरापाशी मी सायकलसकट आडवा झालो. पाय टेकला नव्हता. एकदाही.

काका अर्ध्या तासाने वर पोचले. माझ्या शेजारी गवतात पडले आणि हसायला लागले. आम्ही दोघं इतके हसलो की भाजीचा एक टेम्पोवाला थांबला. त्यानेच आम्हाला सायकलींसकट दादरला आणून सोडलं.

चाळीच्या जिन्याखालूनच काकांनी बातमी दिली. "टेकला गो! पाय टेकला!"

सगळ्या मजल्यांवरून डोकी बाहेर आली. काकी कठड्याशी आल्या. पदर डोळ्यांना लागला की तोंडाला, खालून कळलं नाही. "टेकलो तर टेकलो. वर येवा, जेवाण थंड होता."

"पण हा चढला! हा!" काकांनी माझी मान धरून मला वर दाखवलं, बाजारात मासा दाखवतात तसं.

दोन दिवसांनी ते मला त्या कचेरीत घेऊन गेले. साहेबांनी शिक्षण विचारलं. मी "सातवी" म्हणालो, ते मलाही ऐकू आलं नाही.

"साहेब, हा खोपोलीचा घाट चढलाय, पाय न टेकता!" अख्खी कचेरी टाइपरायटर थांबवून बघायला लागली. साहेब हसले आणि माझ्यासमोर फॉर्म सरकवला. मी नाव, गाव लिहीत होतो तेव्हा काकांचा हात माझ्या खांद्यावर होता. मग नव्हता.

पत्ता म्हणून काळाचौकीच्याच चाळीचा लिहिला. शेजारच्या बाईंकडे काकींनी माझ्या ताटाचं आणि पथारीचं बोलून ठेवलं होतं. आपलं सामान बांधता बांधता. पैजेप्रमाणे दोघं त्याच दुपारच्या एसटीने गावाला गेले. मला पहिल्याच दिवशी सुट्टी मागायची हिंमत झाली नाही. काकांना ते ठाऊक असणार, म्हणूनच त्यांनी निरोप घेतला नाही.

टपालाची पिशवी घेऊन मी बाहेर आलो तर काळी सायकल कचेरीच्या दारात स्टँडवर उभी. चावी कुलपातच होती. मला वाटलं, विसरले. घाबरून दोन्हीकडे रस्ता पाहिला, मग वर बसलो.

काका माझ्यापेक्षा वीतभर उंच. पण माझे पाय पेडलला बरोबर पुरले. सीट खाली करून ठेवलेली होती, आणि नटावर ताजं तेल होतं.