चौथ्या मजल्याचं तेल

वालीवच्या एका छोट्या कारखान्यात मी बावीस वर्षं एकच काम केलं: दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट शोधणं. खात्याचं नाव इन्स्पेक्शन. बोल्टचा आटा केसभर इकडचा तिकडे झाला तरी मी अख्खी पेटी परत पाठवायचो आणि मशीनवरच्या लोकांच्या शिव्या समाधानाने ऐकायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा गाढवपणा केवढ्या तज्ज्ञ माणसाच्या हातून घडला हे लक्षात राहील.

आम्ही विरारला चौथ्या मजल्यावर राहायचो. पाणी सकाळी तासभर यायचं आणि ते भरणं हा माझ्या बायकोचा प्रांत होता. ती वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली. पाण्याच्या बाबतीत तिचा नवऱ्यावरही विश्वास नव्हता. अशा बाईने एका सकाळी मला उठवून नळ सोडायला सांगितला. मला वाटलं, नळ गंजला असेल. नळ ठीक होता. तिची बोटं मिटत नव्हती.

वसईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात असल्याचं सांगितलं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, मधूनमधून रक्त तपासावं लागेल म्हणाले, आणि बजावलं की उशीर केलात तर बोटं वाकतील, आणि एकदा वाकली की सरळ होणं कठीण. इतकं सोपं बोलणं कुणालाही कळलं असतं. पण त्याच वर्षी आमच्याकडे इंटरनेट आलं होतं.

मी गोळीचं नाव टाकून शोधलं. तेव्हा ब्लॉगांचं पेव फुटलं होतं. जो तो काही ना काही लिहीत होता आणि जो लिहीत होता तो मला विद्वान वाटत होता. पहिल्याच ब्लॉगवर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती, कोपऱ्यात हलणारी समई होती, आणि ही गोळी म्हणजे विष आहे असं ठळक लिहिलेलं होतं. समई पाहून माझी खात्री पटली. मी गोळ्यांचं पाकीट कपाटात पोथ्यांच्या मागे सरकवलं. बायको म्हणाली, बघू थोडे दिवस, तुम्ही एवढं वाचलंय तर. तिचं ते वाक्य मला आजही टोचतं.

मग मी निरगुडीचा पाला, लसूण आणि तिळाचं तेल असं एकत्र कढवलं. वासाने शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. पण आठवड्याभरात सूज उतरली. हा आजार आपल्या मर्जीने चढतो-उतरतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याची घाईही नव्हती. मी थेट स्वतःचा ब्लॉग उघडला. टोपणनावाने कृती लिहिली, आजार मुळापासून गेल्याचं जाहीर केलं, आणि शेवटी गंमत म्हणून एक ओळ जोडली: तेल लावून चार मजले चढून यावं, कारण आमची लिफ्ट बंद आहे.

प्रतिक्रिया आल्या. एकाने मला वैद्यराज म्हटलं. ती प्रतिक्रिया मी बायकोला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा ती पोळपाटावर हात टेकून उभी होती, लाटणं तिच्याच्याने धरवत नव्हतं. सूज परत आली होती.

दोन-अडीच महिने असेच गेले. वेणी, ब्लाउजची बटणं, भाकरी थापणं, एकेक काम तिच्या हातातून सुटत गेलं. एका रविवारी सकाळी तिने शांतपणे गोळ्यांचं पाकीट मागितलं. मी म्हणालो, अर्धा तास दे. कारखान्यात माझा नियम होता: शंका आली तर तीन मापं घ्यायची, तिन्ही जुळली की माल पास. मी तीन वेगवेगळे ब्लॉग शोधून काढले, एक पुण्याच्या माणसाचा, एक अमेरिकेत राहणाऱ्या बाईंचा, एक कुणाचा ते कळेना. निरगुडी, लसूण, तिळाचं तेल. तिन्ही जुळले. मी छापील कागद तिच्यापुढे ठेवले आणि विजयी मुद्रेने चहा मागितला.

मी फक्त सामग्री ताडून पाहिली होती. ती सगळं वाचत बसली. चहा आला नाहीच.

"अहो, ह्या अमेरिकेतल्या बाईंची पन लिफ्ट बंद आहे?" तिने विचारलं. एरवी ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायची, पण चिडली की 'ण'च्या जागी माहेरचा 'न' परत यायचा.

मी कागद ओढून घेतला. तेल लावून चार मजले चढावेत, लिफ्ट बंद आहे. पुण्याच्या माणसाचीही बंद होती. तिसऱ्याने तर शास्त्र पुढे नेलं होतं: उपचार चालू असेपर्यंत इमारतीची लिफ्ट बंद ठेवावी.

"तीन मापं म्हनता ना तुम्ही? एकाच मोडक्या पट्टीने तीनदा मोजलंत. पट्टी पन आपल्याच घरातली."

बावीस वर्षांत कुणी माझी पेटी इतक्या नेमकेपणाने परत पाठवली नव्हती.

मग तिने स्वतः कॉम्प्युटर लावला. मी कामावर गेलो की ती दुपारी एक ब्लॉग वाचत असे, हे मला त्या दिवशी कळलं. साधा, पांढरा, दिसायला सरकारी अर्जासारखा. लिहिणारी बाई याच आजाराची, शाळेत शिकवणारी. बायको तिला ताई म्हणायची, दोघी कधी भेटल्या नसूनही. मी नाक मुरडलं, पण वाचू लागलो आणि हळूहळू माझी मान खाली गेली. कुठली गोळी कधी सुरू केली, तोंड कसं आलं, डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी काय बदललं, सगळं तारीखवार. जे माहीत नाही तिथे चक्क लिहिलेलं, मला माहीत नाही. एका जुन्या मजकुरावर तिने स्वतःच रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं की हे मी चुकीचं समजले होते, डॉक्टरांनी समजावलं ते असं. जुनी चूक पुसलेली नव्हती, दिसू दिली होती. कारखान्यात असा एक जरी माणूस मिळाला असता तर माझी नोकरी निम्मी हलकी झाली असती.

हिच्यावरच विश्वास का, मी विचारलं.

"भाजी विकनारी टोपलीतली सगळीच वांगी चांगली म्हनते," ती म्हणाली. "ज्याची वाडी असते तो सांगतो, हे घेऊ नको, ह्यात कीड आहे. आनि मी तिला विचारलं होतं, गोळी किती घेऊ. ती म्हनाली, ते मी सांगनं बरोबर नाही, डॉक्टरांना विचार."

त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ताईच्या ब्लॉगवरून उतरवलेले चार प्रश्न तिने पर्समधून काढले. डॉक्टरांनी चारही प्रश्नांची नीट उत्तरं दिली आणि यादी कोणी केली म्हणून विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, तेव्हा मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होतो.

गोळ्यांनी पहिले काही आठवडे फरक पडेना. ती त्या सोडायच्या बेतात आली. मी काही बोलायला तोंड उघडलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी ते मिटायचो. मग तिने एका बोटाने टाइप करून ताईला विचारलं. उत्तर आलं की मलाही दीड महिना काही वाटलं नव्हतं, मी रोज रडायचे, तूही रड पण डॉक्टरांना न विचारता बंद करू नकोस. खाली आणखी दोघीतिघींनी आपापलं रडणं लिहिलं होतं. ती ते वाचून हसली. माझ्या तेलाने हे काम केलं नव्हतं.

पुढे एका सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर बादली भरत होती. नळ तिने सोडला होता. फक्त डाव्या हाताची करंगळी वाकली ती वाकलीच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला असतात तर कदाचित वाचली असती.

मी तेलाच्या मजकुरावर ताईसारखी रेघ मारली आणि खाली दुरुस्ती लिहायला बसलो. त्या तिघा ब्लॉगवाल्यांनाही कळवलं. एकाने मजकूर काढला, अमेरिकेतल्या बाईंनी क्षमा मागितली, तिसऱ्याची लिफ्ट बहुधा अजून बंद आहे. दुरुस्तीत मी लिहिलं, काही कारणांमुळे योग्य उपचारास विलंब झाला.

बायको मागे उभी राहून वाचत होती.

"काही कारनांमुळे नाही. कोनामुळे ते लिहा."

मी लिहिलं. तो मजकूर अजून कुणी उतरवून घेतलेला नाही. मी अधूनमधून शोधून बघतो.