स्टेअरिंगवर कोण होतं

त्या डिसेंबरात एकदा ईश्वरदासचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. अपघात ज्या वेळी झाला, त्याच वेळी जागेवर जाऊन उभं राहायचं, ही त्याची कामाची रीत. दुपारच्या अपघाताला तो दुपारी जातो. हा अपघात पहाटे पाचच्या सुमाराचा होता.

ईश्वरदास निनावे आमच्या गल्लीतला. बाप कोष्टी, मागावर बसणारा. पोरगा वकील झाला. रस्त्यावर मेलेल्यांचे आणि मोडलेल्यांचे दावे लढतो, दुसरं काही घेत नाही. मी नागपूरच्या इतवारी बाजारात हमाली केली. काम कोण करतो आणि कोण केल्यासारखं दाखवतो, ते मला कळतं. ईश्वरदास करतो.

त्या पहाटे मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून काटोल रोडला गेलो. वर्षभरापूर्वी तिथल्या वळणावर संत्र्यांची पिकअप उलटली होती. त्यात रुपराव नावाचा मजूर मेला. त्याची बायको वच्छला दाव्यासाठी ईश्वरदासकडे आली होती. पण पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, गाडी रुपरावच चालवत होता. वेग जास्त, चूक त्याची. चूक मरणाऱ्याची असली की त्याच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही. दोन वकिलांनी तिला एवढं सांगून परत पाठवलं होतं.

वळणावर धोंडबाची चहाची टपरी आहे. तो चूल पेटवत होता. ईश्वरदासनं विचारलं, "भाऊ, रुपरावले स्टेअरिंगवरून तुम्हीच काढलं का?"

धोंडबा हसला. "स्टेअरिंग कायचं? क्रेटखालून काढलं त्याले. वर टपावर बसला होता बिचारा. गाडीवाला पोट्टा रस्त्याच्या कडेले बसून रडून राहिला होता."

"पोलिसांले सांगितलं नाही?"

"विचारलं कोणी? तुम्हीच पहिले."

तिथून आम्ही वच्छलाच्या घरी गेलो. काटोलच्या अलीकडे दोन खोल्या. तिची मुलगी वैभवी संत्र्यांच्या तोडणीला निघाली होती. बाप गेल्यावर तिनं बारावी सोडली होती. ईश्वरदास दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, गाडी कोण चालवत होतं?"

वच्छलानं मुलीकडे पाहिलं. "वैभवी, चहा टाक वं."

"चहा झाला आमचा. सांगा."

ती खाली बसली. "जितेंद्र. माह्या भावाचा पोरगा. लायसन नव्हतं त्याच्यापाशी. याहिचं प्रेत दवाखान्यात होतं, अन् भाऊ माहे पाय धरून राहिला होता. सगळे म्हणाले, मेलेल्याले कोण जेलात टाकते? मी सही केली."

वैभवी चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"तुम्ही भाच्याले वाचवलं," ईश्वरदास म्हणाला. "पण कोर्ट म्हणते, रुपराव स्वतःच्या चुकीनं मेला."

"मंग दुसरं काही सांगा न. म्हणा, म्हैस आडवी आली. वकील आहा तुम्ही."

"म्हशीचा वकील नाही मी. खरं सांगाल तर उभा राहीन. नाही तर फाइल परत घ्या."

"जित्तूले काय होईन?"

"केस होईन. जेलही होऊ शकते. होणार नाही असं मी म्हणणार नाही."

वैभवीनं पिशवी उचलली आणि ती तोडणीला गेली. ती दिसेनाशी झाल्यावर वच्छला म्हणाली, "सांगीन मी खरं."

पुढची वर्षं तारखांची. साक्षीदार कोर्टात आणणं हे अंगमेहनतीचं काम आहे. तारीख असली की ईश्वरदास पहाटे काटोल रोडला जाई आणि धोंडबाला स्कूटरवर बसवून नागपूरला आणी. कोर्टात कळे, तारीख पुढे गेली. तो धोंडबाला परत सोडी. धोंडबा म्हणे, "साहेब, यापेक्षा टपरीच कोर्टाजवळ लावून द्या मले." तरी तो येई. कारण ईश्वरदास येई.

वच्छलाची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "बाई, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"तेव्हा एक मेला होता अन् एक जिता होता. मी जित्याले वाचवलं."

कोर्टात तिचा भाऊ आला होता. तिच्याकडे न बघता तो उठून गेला. त्या दिवाळीत भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. बोलावणंच नव्हतं.

दावा मंजूर झाला. वैभवीनं बारावीचा फॉर्म भरला. ती आईशी बोलते, पण कामापुरतं. जितेंद्रवर काटोलच्या कोर्टात खटला उभा राहिला. त्याच्या बापापाशी चांगला वकील करण्याची ऐपत नव्हती. ईश्वरदासला ती केस घेता येत नव्हती. त्याच्याच साक्षीदारांमुळे तो मुलगा पिंजऱ्यात गेला होता.

शहराबाहेर बेसाला घर घ्यायचं, असं ईश्वरदास किती तरी वर्षं म्हणत होता. आमची गल्ली अरुंद, त्याची खोली वरच्या मजल्यावर आणि त्याच्या बायकोचे, अनुसयावहिनींचे, गुडघे गेलेले. या दाव्याची फी आली की घर बुक करायचं ठरलं होतं. फी आली. महिना गेला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना वहिनींनी विचारलं, "बेसाचं काय झालं हो?"

"काटोलले गेलं," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली पाणी भरायला गेल्या. एकेक पायरी.

मी म्हटलं, "काहून गा? त्या पोट्ट्यानं माणूस मारला."

"मारला. अन् त्याले पिंजऱ्यात मी उभा केला, भाऊ. तिथं त्याच्या बाजूनं बोलणारा कोणी तर पाहिजे."

वच्छलाला त्यानं हे कळू दिलं नाही. तिच्या भावालाही नाही; त्याला वाटतं, वकील फुकट लढतो. ती फी आणि बेसासाठी साठवलेलं होतं नव्हतं ते काटोलच्या सुमंत वकिलाला गेलं. जितेंद्रचा खटला सुमंत लढतो आहे.