मथुराक्काचा दुसरा कावळा

आमच्या थोरल्या जाऊबाई मथुराक्का म्हणजे गरीब गाय, असं हुबळीच्या केशवापुरातल्या कुणालाही विचारलं तरी सांगेल. डोक्यावरचा पदर ढळत नाही, आवाज उंबऱ्याबाहेर येत नाही, बाजारात भाजीवाल्यानं सडका टोमॅटो टाकला तरी मुकाट घरी आणते. मी ज्योती, तिची धाकटी जाऊ. तिला मी अक्का म्हणते आणि अगं-तुगं करते. तीस वर्षं एका चुलीवर काढली आहेत, तेव्हा या गाईबद्दल बोलायचा पहिला मान माझा. ही गाय पक्की बेरकी आहे.

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. आजेसासऱ्यांनी हुबळीच्या दाजिबान पेठेत भांड्यांचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात हिशेब मराठीत आणि भांडणं कन्नडमध्ये होतात. सासूबाईंना आम्ही दोघी अव्वा म्हणतो. अव्वांचं सोवळं कडक, म्हणजे असं की एकदा माझ्या ओल्या पदराचा वारा लागला म्हणून कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी त्यांनी मोलकरणीला देऊन टाकली होती. मोलकरीण त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या पदराची चौकशी करत असे.

अशा घरात कावळा शिवला की बाईनं बाहेर बसायचं. जिन्याजवळ एक लहान खोली होती, रस्त्याच्या बाजूला. चार दिवस ताट तिथं यायचं, चटई तिथंच, आणि घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. मी धारवाडच्या कॉलेजात शिकलेली, मला या प्रकाराचा संताप यायचा. अक्काला संताप आला असला तरी तिनं तो दाखवला नाही. ती चटईवर बसून भिंतीला टेकायची आणि चार दिवस संपायची वाट बघायची.

मग पंच्याण्णवच्या दिवाळीत थोरल्या भावजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, त्यांच्या स्वप्नीलसाठी टीव्ही गेम आणला. पांढरट डबा, वायरीचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलं होतं की आत हजारो गेम आहेत. होते सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावानं यायचे. पण गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते असं पेठेतल्या कुणीतरी भावजींना सांगितलं होतं, आणि हॉलमधला रंगीत टीव्ही तर नवा कोरा. म्हणून जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही माळ्यावरून खाली काढला, गेम त्याला जोडला आणि दोन्ही नेऊन ठेवले जिन्याजवळच्या खोलीत. पोरांचा दंगा घरात नको, एवढाच विचार. त्या खोलीत आणखी कोण बसतं, हे कुठल्याच पुरुषाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या कावळ्याला अक्का त्या खोलीत गेली. पोरं शाळेत, पुरुष दुकानात. समोर गेम. हात लावावा की नाही, हा प्रश्न तिनं प्रामाणिकपणे दाराआडून अव्वांना विचारला. अव्वा बराच वेळ विचार करत होत्या. सोवळ्याच्या सगळ्या नियमांत रेशीम होतं, लोकर होती, पितळ होतं, माती होती, पण टीव्ही गेम नव्हता. शेवटी त्यांनी निकाल दिला की हे ना देवाचं, ना चुलीचं, तेव्हा असू दे. संध्याकाळी पोरांनी खेळण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. झालं, अक्काला रान मोकळं मिळालं.

तिला आवडला तो रणगाड्यांचा खेळ. खाली विटांच्या आड एक पक्षी असतो, वरून शत्रूचे रणगाडे येतात, आणि आपण एकट्यानं धावत त्या पक्ष्याला सांभाळायचं. मला विचाराल तर हे काम ती घरात रोजच करत होती, फक्त इथं तिच्याकडं तोफ होती. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची, तेही ती पोरांपेक्षा आधी शिकली. दुपारी करंट गेला की सगळं पहिल्यापासून. तरी ती चिडायची नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन आत यायची आणि मेथी निवडताना तिचा अंगठा आपोआप हलत राहायचा.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की अक्काला महिन्यातून दोनदा कावळा शिवायला लागला आहे. एका घरात दोन बायका असल्या की एकमेकींच्या तारखा पाठ असतात. शिवाय ती बाहेर बसली की सगळ्या घराच्या भाकऱ्या माझ्या गळ्यात. पहिल्या वेळी वाटलं, असेल काही दुखणं. दुसऱ्या महिन्यात ती बाहेर बसायला निघाली तेव्हा तिच्या चालण्यातच काय तो आनंद दिसला. मी ताट घेऊन गेले आणि दार लावून सरळ विचारलं. तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. पुढच्या पायरीवर बर्फ येतो, रणगाडा घसरतो, त्याची सवय करायला वेळ लागतो, एवढंच म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगते, मला हसू आवरेना. सोवळ्यानं आम्हाला इतकी वर्षं नाचवलं होतं, आता कुणीतरी सोवळ्याला नाचवत होतं. मी भाकऱ्या थापल्या आणि तोंड बंद ठेवलं.

तिनं मलाही शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या स्वतःच्या कावळ्याला मीही खेळून बघितलं. मी दर वेळी स्वतःचाच पक्षी मारायचे.

अव्वांना मात्र काळजी लागली. सुनेला महिन्यातून दोनदा म्हणजे अंगात काहीतरी बिघाड. त्यांनी वैद्याकडून काढा आणला. तो इतका कडू होता की वासानंच माझं तोंड कडू व्हायचं. रोज सकाळी अव्वा वाटी घेऊन अक्कासमोर उभ्या राहायच्या आणि शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत हलायच्या नाहीत. अक्का डोळे मिटून प्यायची. चांगली दोन-तीन वर्षं तिनं तो काढा प्यायला, पण दुसरा कावळा काही सोडला नाही. याला मी तपश्चर्या म्हणते.

पुढं स्वप्नील मोठा झाला, घरात कॉम्प्युटर आला, डबा बिघडला. अव्वांचे गुडघे गेले, घर पूर्णपणे आमच्या दोघींच्या हातात आलं, आणि बाहेर बसणं आपोआप बंद पडलं. त्या खोलीत आता पाण्याचे कॅन आणि स्वप्नीलची बाइकची हेल्मेटं असतात. गोष्ट इथंच संपली असती. पण यंदाच्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं संगीत खुर्चीला फाटा देऊन जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली, खास पन्नाशीपुढच्यांसाठी. कुठून तरी तसाच डबा, तसेच वायरीचे रिमोट आणले, आणि मांडवात मोठा पडदा लावला. खेळ तोच रणगाड्यांचा, पाळीपाळीनं खेळायचा, ज्याचा पक्षी जास्त वेळ टिकेल तो जिंकला. स्वप्नीलला लहानपणी बघितलेला आईचा खेळ आठवत होता. त्यानं तिला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं.

अक्का घाबरली ती हरण्याला नाही. अव्वा आता ब्याऐंशीच्या आहेत, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या एक वाक्य हमखास सांगतात: माझी थोरली सून आजवर माझ्याशी खोटं बोलली नाही. नातेवाईक असो, गॅसवाला असो, वाक्य ठरलेलं. ते ऐकलं की अक्का चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते. गेम खेळणं हा गुन्हा नव्हता, अव्वांनीच परवानगी दिली होती. पण सोवळ्याच्या बाबतीत, देवाच्या स्वयंपाकाच्या बाबतीत वर्षानुवर्षं थाप मारली होती, आणि तीही अव्वांना. चारचौघांत आपला हात चालला, लोकांनी विचारलं की कुठं शिकलात, की सगळं उघडं पडणार. म्हातारीचं ते एक वाक्य मोडायचं पाप माझ्या माथी नको, असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, मुद्दाम हर. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पोळी उलटायला वळले.

स्पर्धेच्या संध्याकाळी अव्वांना व्हीलचेअरवरून मांडवात आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी त्यांच्या शेजारी. अक्का पदर खोचून पडद्यासमोर बसली. आधी माना डोलावत बघणारी माणसं हळूहळू खुर्चीतून पुढं सरकली. तिचा रणगाडा भिंतीआडून निघायचा, मारायचा, परत पक्ष्यापाशी यायचा. तिच्या वयाच्या गृहस्थांना रिमोट सरळ कुठून धरायचा हे समजेपर्यंत अक्का पुढच्या फेरीत. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा देवपूजेला बसल्यासारखा. शेवटी उरली ती आणि बँकेतून रिटायर झालेले हेरेकर. त्यांनी धारवाडच्या हॉस्टेलवर असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉलेजची फी उडवली होती म्हणे.

अंतिम डावाआधी मंडळाचा सेक्रेटरी अभिषेक माइक घेऊन अक्कापाशी आला आणि त्यानं नेमकं तेच विचारलं.

"एल्लि कल्तीरी, अक्का? कुठं शिकलात हे?"

अक्कानं माइककडं बघितलं, मग अव्वांकडं. मला वाटलं आता ती सांगेल की पोराकडून शिकले, आणि विषय मिटेल. अर्धं खरंच होतं ते. तिनं माइक हातानं बाजूला केला, उठली आणि सगळ्या मांडवासमोर अव्वांच्या खुर्चीपाशी येऊन खाली बसली.

"अव्वा, मी खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "महिन्यातनं दोनदा बाहेर बसत होते. दुसरी खेप खेळायसाठी. कावळा न्हवता शिवला."

मागच्या बायकांना काही क्षण काही कळलं नाही, मग कळलं, आणि त्यांच्यात जी खसखस पिकली ती पुरुषांना अजून उलगडली नसेल. अव्वा हसल्या नाहीत.

"ठाऊक हाय मला," अव्वा म्हणाल्या. "म्हणून तर काढा पाजत होते, लबाड."

अक्काचं तोंड उघडंच राहिलं. माझंही. अव्वांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकी कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलल्या.

"लगीन होऊन आले तवापासनं मी त्या खोलीत बसले. माझी सासूबी बसली. भिंतीकडं बघायचं, दुसरं काय? तू बसलीस आणि एक दिवस आतनं हसायचा आवाज आला. त्या खोलीतनं हसणं मी जन्मात ऐकलं न्हवतं गं. मग दाराबाहेर येऊन उभी राहायची मी. महिन्यातनं एकदा मलाबी कमी पडायला लागलं."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मागं स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या आवाजात. अक्का हसते, मोठ्यानं हसते, हे तीस वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं, आणि म्हातारी रोज दाराला कान लावून ऐकून येत होती. मग तो नियमच का नाही मोडलात, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण अव्वांचे डोळे भरले होते, अक्काचेही, आणि माझेही, म्हणून मी गिळलं. तो प्रश्न मी सोडलेला नाही, कधीतरी विचारणार आहे.

तिकडं अभिषेक माइकवरून अक्काला हाका मारत होता. हेरेकर रिमोट घेऊन तयार बसले होते. अक्का उठेना. अव्वांनी तिच्या दंडाला धरून हलवलं.

"जा. आणि तोंड मिटून खेळू नको."

अक्का गेली. पहिलाच रणगाडा उडवला आणि हसली. पदर डोक्यावरून पडला, तो तिनं उचलला नाही. हेरेकरांची गोळी चुकली की हसायची, स्वतःची चुकली की त्याहून मोठ्यानं. एवढं हसल्यावर नेम कुठला राहतो? पक्षी गेला, अक्का हरली, आणि बक्षिसाचा मोठा कुकर हेरेकरांच्या घरी गेला. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात आणखी एक कुकर नकोच होता, असं भावजींनी जाहीर केलं. मी अव्वांना सांगायला वळले की अक्का हरली. त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. डोळे मिटून, मान जराशी कलती करून, ऐकत बसल्या होत्या.