ताईनं राखलेला नारळ

माझी बाय चार महिन्यांची होती तवाची गोष्ट. मी लय घाबरलेली, कारण सासू बोललेली की दसऱ्याला हिला थोरलीच्या ओटीत घालू, ती तिचीच होईल, तुला काय, तुला आणखी होतील. थोरली म्हणजे माझी जाऊ, मी तिला ताई म्हणते. तिला मूल नाय. तिला वाईट म्हणावं तर तसंबी नाय, माझ्या बाळंतपणात तेलपाणी तिनंच केलं, बायला पायांवर घेऊन न्हाऊ तीच घालायची, मग रागवायचं कुणावर? नवरा तर आईपुढं मान खाली घालून बसायचा.

तवाच ताईला मोबाईलवर कायतरी दिसलं. माणसाच्या कातड्यातनं नायतर रक्तातनं पेशी घेतात, त्या परत अगदी सुरवातीच्या, कोऱ्या करतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचंच बाईचं बीज बनवायला बघतात. ताईचं बीज वयाआधीच संपलेलं, कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलेलं. ताई भाताच्या लावणीवरनं येऊन पाय धूत होती, म्हणाली, "कातडंच पायजे ना गं? माझ्या टाचा घेऊन जा म्हणावं. एवढ्या भेगांत अख्ख्या गावाची पोरं निघतील." आमी दोघी हसलो, पण मी मनात देवाला म्हटलं, काढ बाबा हिच्या टाचेतनं एक, माझी मला ठेव.

मग बायच्या लशीच्या डोसाला कर्जतला गेलो तवा ताईनं डॉक्टरीणबाईंना विचारलंच. मी बाजूला, बायला घट्ट धरून. बाई हसल्या नाय. म्हणाल्या, उंदरांत झालंय, तशा बीजाची पिल्लं जन्मली, पण माणसाचं मूल अजून नाय झालं, बीज बनलं तरी ते धड हाय का बिघडलेलं ते कळायला पायजे, त्याला वर्षं जातील.

"मी म्हातारी व्हायच्या आधी होईल?"

"खोटं कसं सांगू तुला," बाई म्हणाल्या.

येताना रिक्षात ताईनं बायला मांडीवर घेतली ती घर येईपर्यंत सोडली नाय. मला वाटलं, संपलं, आता ही माझीच पोर घेणार.

दसऱ्याला सासूनं पाट मांडला, ताईला बसवलं, ओटीत नारळ घातला आणि माझ्या हातातनं बायला घेऊन तिच्या मांडीवर ठेवली. बाय खिदळत होती, तिला रोजचीच मांडी. ताईनं तिच्या इवल्या टाचा अंगठ्यानं चोळल्या, मग उचलून माझ्याकडं दिली.

"भूक लागलीय हिला. घे."

सासू म्हणाली, अगं पण. ताई म्हणाली, "आई, न्हाऊ मीच घालणार, रागंबी मीच भरणार. आई तिची तीच ऱ्हाऊ द्या. नारळ मात्र मी ठेवते. उंदरांचं झालंय, माझा नंबर लागला की फोडू."

तो नारळ फळीवरच होता. ताई तो काढून बायच्या कानाशी हलवायची, आत पाणी वाजायचं, बाय डोळे मोठे करायची. परवा हलवला तर वाजंना, पाणी आटलेलं. मी बाजारातनं दुसरा आणला आणि गुपचूप तिथं ठेवला. ताईला कळलं असणार. तिनं हलवून बघितला, बायच्या कानाला लावला, परत फळीवर ठेवला.