मी न लिहिलेलं वचन

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. देवावर माझा विश्वास आहे, रोज पहाटे प्रार्थनेला बसतो... पण चमत्कार, दृष्टान्त, कानात आवाज, हे प्रकार मला कधीच पटले नाहीत. आमच्या मंडळीत कोणी 'मला प्रभू दिसला' म्हणालं की 'ताप किती होता?' असं विचारणारा मीच. तेव्हा हे लिहायची लाज वाटते. पण लाज चमत्काराची नाही, ते पुढे कळेलच.

मी डोंगरकडा गावचा. धंदा पेंटरचा — दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरवरची नावं. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, पण अक्षराला अजून कोणी नावं ठेवलेली नाहीत. आमची मंडळी म्हणजे एका घरामागची पत्र्याची खोली आणि तीसेक माणसं. तिथे नवीन वर्षाची वचनं मीच लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — एक जानेवारीच्या सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने स्टीलच्या डब्यातून एक कार्ड उचलायचं. त्यावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, जे वचन निघेल ते तुमचं वर्षभराचं. बदलून घ्यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एकाला पश्चात्तापाचं वचन निघालं, आणि तो जो रुसला तो ईस्टरपर्यंत फिरकला नाही. म्हणून मागच्या वर्षी मी ठरवलं, सगळी गोड वचनंच लिहायची. वहीत यादी केली, चाळीस कार्डं लिहिली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवं पान रंगवलं आणि यादीवर एकेक खूण केली.

आता माझ्या भावाबद्दल. दादा शिरड शहापूरला राहायचा, मोटरसायकलवर तासाभराच्या रस्त्यावर. आमच्यात बोलणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माय त्याच्या घरी वारली. शेवटची काही वर्षं तीही माझ्यासोबत प्रार्थनेला यायची, म्हणून मी म्हणालो दफन करू. दादा म्हणाला, बापाला जिथे अग्नी दिला तिथेच मायलाही द्यायचा. माय स्वतः दोघांनाही काही बोलली नव्हती. मी हट्टाला पेटलो. तिरडी उचलली तेव्हा दादाने हाक मारली, "ये, खांदा तरी दे." मी शास्त्र छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गेलो नाही. तेव्हा मला वाटलं, मी विश्वासात पक्का आहे.

तर त्या एक जानेवारीला मी डब्यात हात घातला. कार्ड उघडलं. त्यावर होतं — अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. शब्द शास्त्रातलेच. अक्षर माझं. कोपऱ्यात हिरवं पान.

हे वचन मी लिहिलंच नव्हतं. यादीतही नव्हतं... सुचलं असतं तरी मी घेतलं नसतं.

अंगावर काटा आला, आणि लगेच रागही आला. कोणीतरी खोडी केली असणार. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी कार्ड परत डब्यात टाकलं, हात फिरवला आणि दुसरं काढलं. नव्या बळाचं वचन निघालं. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं.

सगळ्यात शेवटी शांताबाई मावशी. त्यांना वाचता येत नाही, त्या दरवर्षी माझ्याकडेच कार्ड आणतात. त्यांनी कार्ड पुढे केलं. तेच होतं.

मी वाचलं, "परमेश्वर तुम्हाला शांती देईल, मावशी."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बराबर वाचलं का भाऊ?"

"हो की."

"मंग तुमचा आवाज काहून असा झाला?" त्यांनी कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. "हे माजं न्हाई वाटत. तुमीच ठेवा."

घरी आल्यावर आधी खोडी करणाऱ्याला शोधायचं ठरवलं. यादीवर खुणा चाळीसच होत्या. डब्यात उरलेली आणि लोकांनी नेलेली, सगळी कार्डं मोजली तर एकेचाळीस. माझी बायको सुमन म्हणाली, "तुम्हीच लिहिलं असेल झोपेच्या भरात. नाहीतर जाऊन या ना एकदा दादांकडे." मी म्हणालो, बघू.

त्या महिन्यात दर शनिवारी मी मंडळीत शास्त्राभ्यास घेत होतो. विषय होता, ज्ञान. रोज पहाटे गुडघे टेकून देवाकडे ज्ञान मागत होतो आणि लोक म्हणत होते, भाऊ, तुमचं ज्ञान वाढून राहिलं. मलाही ते खरं वाटत होतं. कार्ड शास्त्राच्या पानांत होतं, अभ्यास घेताना ते पान मी उलटून टाकायचो.

फेब्रुवारीत वहिनीचा फोन आला. दादा शेतात पडला तो उठलाच नाही.

या वेळी मी खांदा दिला. दिला म्हणजे काय, दादाला काय कळणार होतं. अंत्यविधी उरकल्यावर वहिनीने कापडात गुंडाळलेलं मायचं प्रार्थनेच्या गाण्यांचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"जानेवारीच्या एक तारखेला सकाळीच हे काढून बसले होते," ती म्हणाली. "म्हणे, आज धाकटा येऊन राहिला. म्या म्हणलं, फोन आला का? तर न्हाई म्हणे, पण येतो तो. दिवसभर ओट्यावर बसून राहिले, जेवले बी न्हाई. अंधार पडल्यावर उठले."

मी पुस्तक उचललं आणि त्या ओट्यावर जाऊन बसलो.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. भिंग लावून पाहिलं, जुन्या कार्डांशेजारी ठेवून पाहिलं. अक्षर माझंच आहे. ते कुठून आलं, आणि दादाला त्याच दिवशी कोणी काय सांगितलं, हे मला आजही कळलेलं नाही. सुमन म्हणते तसं मीच झोपेत लिहिलं असेल तर ते आणखी वाईट... म्हणजे मला सगळं माहीत होतं आणि तरी मी घरी बसलो.

या वर्षीही कार्डं मीच लिहिली. या वेळी कडू वचनंही घातली. सगळ्यांची कार्डं उचलून झाली, शेवटी शांताबाई मावशींनी उचललं. मी हात पुढे केला. मावशी माझ्यासमोरून पुढे गेल्या आणि कार्ड त्यांनी सुमनच्या हातात दिलं.

"बाई, यंदा तुमी वाचा."