धाकटीचं पुढे काय झालं

फोटो स्टुडिओतल्या या माणसाला सगळे ‘डोळेउघडे’ म्हणतात. ग्रुप फोटोत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असतातच. दुसऱ्या फोटोतून उघडे डोळे आणून तिथे बसवणं हे त्याचं काम. हात कॉम्प्युटरवर गुंतलेले, कान मोकळे. म्हणून दिवसभर तो कादंबऱ्या ऐकतो. कॉम्प्युटरवर जिथे थांबेल तिथूनच पुढे बसमध्ये फोनवर सुरू, आणि घरी ओट्याजवळच्या टॅबवरही तसंच. या सोयीचं त्याला इतकं कौतुक, जणू ती त्यानेच शोधून काढली.

त्याची बायको मात्र कादंबरीच्या वाटेला जात नसे. वर्षापूर्वी तिची धाकटी बहीण गेली, तेव्हापासून पुस्तकात कुणी मेलेलं तिला सोसवेना. बहिणीबद्दल तर ती चकार शब्द काढत नसे. कुणी विषय काढला की उठून आत जाई. नवऱ्याचा जीव तुटायचा. मग रोज संध्याकाळी भाजी निवडताना तो ऐकलेली कादंबरी तिला सांगू लागला. तेवढ्या वेळात ती जराशी खुलायची.

आताच्या कादंबरीत दोन बहिणी होत्या आणि धाकटी मध्यावरच तापाने गेली. बसमध्ये ते ऐकून याचं धाबं दणाणलं. घरी येऊन त्याने सरळ थाप मारली, की ताप उतरला. पण एकदा जगवलं म्हणजे पुढे सांभाळणं आलं. त्याने तिला शिवणाचं दुकान काढून दिलं, घरमालकाशी भांडायला लावलं, दाताचा एक बरा डॉक्टर गाठून दिला. मूळ लेखकानेही घेतले नसतील एवढे कष्ट या बाबाने त्या पोरीसाठी घेतले.

परवा बसमध्ये त्याने फोनवर कादंबरी लावली, तर एकदम शेवटचं प्रकरण. थोरली धाकटीचे कपडे आवरत होती. दुपारी आपण कुठे थांबलो होतो ते त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे घरचा टॅब. म्हणजे बायको. ती रोज चोरून ऐकत होती आणि मग कादंबरी मागे नेऊन याच्या जागेवर ठेवत होती. आज तेवढं राहून गेलं. बिंग फुटलं होतं, आणि तेही केव्हाच. आता ही संध्याकाळची गोष्ट बंद होणार, ती पुन्हा गप्प होणार, या भीतीने त्याला घरी जाऊच नये असं वाटलं.

ती शेंगा सोलत बसली होती.

“आज धाकटीचं काय झालं?” तिने विचारलं.

“तुला ठाऊक आहे. ती गेली.”

“पुस्तकातली गेली. मी तुमच्या धाकटीचं विचारतेय.”

तिने शेंगांचं ताट त्याच्याकडे सरकवलं.

“सोला तुम्ही. पुढचं मी सांगते.”

मग धाकटी डॉक्टरला भेटायला निघाली. जाताना थोरलीच्या नव्या चपला न विचारता घातल्या, चहा उभ्यानेच प्यायली, आणि हसता हसता तिला उचकी लागली. ही तर त्याची मेहुणी होती, हुबेहूब. बायको हसली, रडली, नाक पुसून पुन्हा सांगू लागली. तो मान खाली घालून सोलत राहिला. मधेच ती थांबली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, “मग?”

“मग काय? चपला परत केल्याच नाहीत,” ती म्हणाली. “अजून तिच्याकडेच आहेत.”